डुलांसारखं फूल आणि डोळ्यांना न दिसणारा कोळी : फ्युशियाच्या रोगकिडींचा इतिहास

या व्याख्यानमालेत आत्तापर्यंत आपण पोटाची पिकं घेतली. आयर्लंडमधला बटाट्याचा करपा झाला, सिलोनच्या कॉफीवरचा तांबेरा झाला. आज मात्र असं झाड निवडलंय, की ते उद्या पृथ्वीवरून नाहीसं झालं तरी कुणाच्या ताटातला घास कमी होणार नाही. मग त्याच्या किडींवर तासभर का बोलायचं? कारण कीड कशी प्रवास करते, हे या झाडाइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसतं. उपाशी माणसं, दुष्काळ, सरकारी खरेदी असला कुठलाच गुंता इथे नाही. इथे आहे फक्त माणसांची हौस. आणि ती हौसच किडीचं वाहन झाली, असं आम्हाला आज मांडायचं आहे.

झाडाचं नाव फ्युशिया. आपल्याकडे उटी, कोडाईकॅनॉल, दार्जिलिंग इथे बंगल्यांच्या व्हरांड्यात टांगलेल्या कुंड्यांतून दिसतं. फूल खाली तोंड करून लोंबतं. वर लाल पाकळ्यांसारखी उलटी वळलेली निदलं, मधे जांभळा घेर, खाली लांब पुंकेसर. अगदी कानातले डूल. इंग्रजांच्या खेड्यांतही त्याला बायकांचे डूल अशाच अर्थाचं नाव होतं. साडीच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात, त्याचंही नातं इथे लागतं. १८५९ मध्ये फ्रान्समधल्या ल्योंमध्ये एक रासायनिक रंग तयार झाला आणि त्याला या फुलावरून फुक्सीन म्हणू लागले. तोच पुढे मॅजेन्टा झाला.

आता मूळ. शंभराच्या वर रानटी जाती, बहुतेक अँडीज पर्वताच्या अंगावर, काही ब्राझीलच्या डोंगरात, मध्य अमेरिकेत, आणि थोड्या पार न्यूझीलंडला. थंड, धुक्याचं, ओलसर हवामान लागतं. पुण्याच्या बाल्कनीत डिसेंबर काढेल, एप्रिल-मेमध्ये मान टाकेल. तिथे किडीचा दोष नाही, उन्हाचा आहे. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मगुरू वनस्पतीशास्त्रज्ञाला कॅरिबियन बेटांवर हे झाड भेटलं. १७०३ च्या आपल्या ग्रंथात त्याने लिओनहार्ट फुक्स या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याचं नाव त्याला दिलं. म्हणजे खरा उच्चार फुक्सिया असायला हवा. पण आता जगभर फ्युशिया रूढ झालंय, आपणही तेच म्हणू.

इंग्लंडमध्ये ते पोचल्याची नोंद क्यू बागेत १७८८ ची आहे, कॅप्टन फर्थ नावाच्या माणसाने आणून दिलं अशी. पण लोकांच्या तोंडी दुसरीच गोष्ट राहिली. हॅमरस्मिथला जेम्स ली नावाचा रोपवाटिकावाला होता. त्याला कुणी तरी सांगितलं, की वॅपिंगला, म्हणजे लंडनच्या गोदीजवळच्या वस्तीत, एका खलाशाच्या घराच्या खिडकीत अपूर्व फुलाचं झाड आहे. नवऱ्याने वेस्ट इंडीजहून आणलेलं. बाई विकायला तयार नव्हती. ली ने खिशातलं होतं नव्हतं ते, आठ गिनी, तिच्या हातावर ठेवलं, आणि पहिल्या रोपांपैकी एक तुला परत देईन म्हणून शब्दही दिला. घरी येऊन त्याने फुलं खुडली, झाडाच्या फांद्या छाटून खोचल्या. त्या फुटल्या की परत त्यांच्या फांद्या खोचल्या. पुढच्या हंगामात तीनशे रोपं, एकेक गिनीला विकली. गोष्ट किती खरी, यावर अभ्यासकांनी शंका घेतली आहे आणि ती रास्त आहे. आम्हाला ती वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. या हौसेने स्वतःची जी जन्मकथा म्हणून जपली, तिचा नायक ली नाही, बाईही नाही. नायक आहे छाट कलम.

छाट कलम म्हणजे काय, हे जास्वंदीची फांदी मातीत खोचलेल्या कुणालाही सांगायला नको. फक्त त्यातली एक गोष्ट पुढच्या कथेसाठी धरून ठेवा. फ्युशियाचं एखादं नावाजलेलं वाण घ्या. त्याची जगभरातली सगळी झाडं म्हणजे एकच झाड असतं, तुकडे तुकडे होऊन पसरलेलं. एकाला जी खोड, ती सगळ्यांना. आणि दुसरं, बियांबरोबर बरेचसे रोग, बऱ्याचशा किडी मागे राहतात. फांदीबरोबर त्या येतात. पानाच्या बगलेत, कोंबाच्या घडीत जे बसलं असेल, ते पाकिटात घालून पोस्टाने जातं.

१८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला. काच स्वस्त झाली आणि मध्यमवर्गाच्या अंगणात काचघरं आली. फ्युशियाचे ते सुगीचे दिवस. विल्टशरमधल्या क्लिफ हॉलचा माळी जेम्स लाय पुरुषभर उंचीच्याही वर जाणारे फ्युशियाचे स्तंभ घडवून प्रदर्शनांत न्यायचा. पण काचघर म्हणजे किडीला बारमाही उन्हाळा. वेस्टवूड या कीटकशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये काचघरातल्या पांढऱ्या माशीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. हिचं आणि फ्युशियाचं सूत असं जमलं, की आजही कुंडी हलवली आणि पांढरी भुकटी उडाल्यासारखी दिसली तर माळी न बघता सांगतो, ही तीच. पान चिकट होतं, मग त्यावर काळी बुरशी धरते. आपल्या कपाशीवर दिसतो तोच प्रकार, माशीची जात तेवढी वेगळी.

त्या काळचे उपाय ऐका. तंबाखूची धुरी. मऊ साबणाचं पाणी. भुरी आणि लाल कोळ्यासाठी गंधक. इथवर आपल्या आजीलाही पटलं असतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून काचघरांत सायनाइडची धुरी सुरू झाली. संध्याकाळी झडपा बंद करायच्या, भांड्यातल्या आम्लात सायनाइड सोडायचं आणि श्वास रोखून बाहेर पळून दार लावायचं. फुलांसाठी हे धाडस! आज वाचताना अंगावर काटा येतो. पण विषाच्या बाबतीत त्या पिढीला वेडं ठरवण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हे द्राक्षाच्या बागेत फवारणीच्या दिवशी जाऊन आलेल्यांनी ठरवावं.

मग १९२६ साल. हर्टफर्डशरमध्ये एक टोमॅटो उत्पादक. त्याला पानामागे पांढऱ्या माशीची पिल्लं दिसली, नेहमीची फिकट. पण त्यांत काही कुळकुळीत काळी. हा माणूस ती पानं घेऊन चेशंटच्या संशोधन केंद्रातल्या स्पायर या कीटकशास्त्रज्ञाकडे गेला. काळ्या कोषांतून माशी बाहेर पडलीच नाही, बाहेर पडली एक बारीकशी गांधीलमाशी, मिलिमीटरभरही नाही. एन्कार्सिया फॉर्मोसा. ती पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालते, अळी पिल्लाला आतून खाते. काही वर्षांतच चेशंट केंद्र या गांधीलमाश्या लाखांनी वाढवून शेकडो रोपवाटिकांना पुरवू लागलं. कॅनडा, ऑस्ट्रेलियापर्यंत त्या गेल्या. आमच्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं निरीक्षण त्या टोमॅटोवाल्याचं आहे. काळी पिल्लं त्याच्याआधी हजारो माळ्यांच्या नजरेखालून गेली असणार.

आणि तरी ते सोडून दिलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं, पाठोपाठ दुसरी सेंद्रिय संयुगं आली. एक फवारा मारला की काम झालं, मग गांधीलमाश्या कोण सांभाळणार? चेशंटचं उत्पादन थांबलं. पुढे किडी त्या औषधांना सरावल्या. हॉलंडमध्ये यान कॉपर्ट नावाच्या काकडी उत्पादकाला औषधं स्वतःलाच सोसेनात, आणि लाल कोळी तर मरेनात. १९६७ च्या सुमारास तो चिलीतून आलेल्या एका शिकारी कोळ्याकडे वळला, आणि त्यातून मित्रकीटकांचा मोठा उद्योग उभा राहिला. सत्तरच्या दशकात एन्कार्सियाही परत आली. हे आपल्याला परकं नाही. २००२ मध्ये सांगलीच्या उसावर लोकरी मावा आला, तेव्हा औषधांनी आवरेना. शेवटी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी तो आटोक्यात आणला, आणि ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी बसली.

फ्युशियावाल्यांची एक अडचण मात्र होती. एन्कार्सियाला ऊब लागते, अठरा-वीस अंशांच्या पुढे ती खरी कामाला लागते. फ्युशियाला थंडावा हवा. त्यामुळे टोमॅटोच्या काचघरात जे यश आलं, ते हौशी माणसाच्या थंड काचघरात वसंत संपेपर्यंत यायचं नाही.

बाकी दोन शत्रूंवर थोडक्यात. एक, तांबेरा. पानामागे नारिंगी पूड. याची गंमत अशी, की हा बुरशीरोग फर वृक्ष आणि विलोहर्ब नावाचं तण यांच्यामध्ये ये-जा करतो, आणि विलोहर्ब फ्युशियाच्याच कुळातलं. याची एक उंच जांभळी जात लंडनमध्ये १९४० च्या बॉम्बहल्ल्यांनंतर पडक्या घरांच्या राडारोड्यावर इतकी माजली, की लोक तिला बॉम्बतण म्हणायचे. तांबेऱ्यावर पहिला उपाय आजही तोच: कुंपणालगतचं हे तण उपटा, लागलेली पानं काढा, हवा खेळती ठेवा. दुसरा, वाइन विव्हील हा सोंडे किडा. हुमणीसारखी अळी कुंडीत राहून मुळं खाते, वर झाड ताजंतवानं दिसतं आणि एका सकाळी कोसळतं. यात नर जवळजवळ नसतातच. एक मादी पुरते. एकेकाळी कुंडीच्या मातीत ऑल्ड्रिन मिसळायचे. ते बंद झालं. आता मातीत सोडायचे सूक्ष्म कृमी आहेत, ते अळीत शिरून तिला मारतात. माती उबदार आणि ओली असताना चांगलं काम करतात.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. जागा: कॅलिफोर्नियाचा किनारा. सॅन फ्रान्सिस्कोचं उन्हाळ्यातलं धुकं फ्युशियाला माहेरासारखं. १९२९ मध्ये तिथे अमेरिकन फ्युशिया सोसायटी निघाली; वनस्पतीशास्त्रज्ञ ॲलिस ईस्टवूड तिच्या संस्थापकांत होत्या. १९३० च्या सुमारास इंग्लंडहून पन्नासएक वाणांची रोपं मागवली गेली. त्यातून कॅलिफोर्नियाच्या पैदासकारांनी दोन-तीन दशकांत मोठ्या, दुहेरी, भरगच्च फुलांचे वाण काढले. टिरेट यांचं १९५० चं स्विंगटाइम, लाल निदलांखाली पांढरा घेर, आजही जगभर विकलं जातं. म्हणजे इंग्लंडहून फांद्या अमेरिकेत गेल्या, अमेरिकेतून नवे वाण इंग्लंडला परत आले. गावोगावी मंडळं निघाली, प्रदर्शनं भरू लागली, बैठक संपली की पिशवीतून फांद्यांची देवघेव. आपल्याकडे हळदीकुंकवाला आलेली बाई जाताना तुळशीचं नाही तर मोगऱ्याचं रोप घेऊन जाते ना, तसंच. कुणी विकत घेत नाही, मागतात आणि मिळतं.

१९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या परिसरात काही झाडांचे कोंब विचित्र दिसू लागले. सुजलेले, लाल, केसाळ, गोळा होऊन वळलेले. मिरचीचा चुरडामुरडा ज्याने पाहिलाय त्याने मनात ते चित्र आणावं आणि त्यावर गाठी चढवाव्यात. कळी धरायची तिथे गाठ. सूक्ष्मदर्शकाखाली सापडला तो एक कोळी: लांबी मिलिमीटरचा पाव भाग, किड्यासारखा लांबट, आणि आठऐवजी चारच पाय. त्याचं वर्णन १९७२ मध्येच झालेलं होतं, ब्राझीलमधल्या नमुन्यांवरून. वर्णन करणारे एच. एच. कायफर हे कॅलिफोर्नियाच्याच कृषी खात्यातले शास्त्रज्ञ होते. नाव ठेवलं ॲक्युलॉप्स फ्युशिए. म्हणजे शत्रूचा फोटो फाइलमध्ये होता, शत्रू दारात यायला नऊ वर्षं लागली.

त्याच्यावर औषध का चालेना, हे समजून घेण्यासारखं आहे. कोळी कोंबाला टोचतो, त्याने पेशी फुगतात, घड्या पडतात, आणि त्या घड्यांत तो राहतो. आपलं घर तो झाडाकडूनच बांधून घेतो. फवारा घराच्या भिंतीवर पडतो. अठरा अंश तापमानाला एक पिढी साधारण तीन आठवड्यांत पुरी होते. वाऱ्याने पसरतो, मधमाश्यांच्या अंगावरून जातो, फुलातला मध पिणाऱ्या हमिंगबर्ड पक्ष्यांबरोबर जातो. आणि कात्रीवरून, हातावरून, फांदीतून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जी पद्धत सांगितली ती अशी: लागलेला भाग खोलवर छाटा, छाटलेलं उचलून नष्ट करा, मग दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा फवारा. करता येतं. पण शेजाऱ्याने केलं नाही तर दोन महिन्यांत परत तेच. शेजारी तर सार्वजनिक बाग असायची, किंवा हौस संपलेला कुणी म्हातारा माणूस.

काही वर्षांतच किनारपट्टीवरची ती संस्कृती खिळखिळी झाली. लोकांनी झाडं उपटून टाकली आणि दुसरं काही लावलं. इथे एक कटू गोष्ट सांगावी लागते. हा कोळी फ्युशियाखेरीज कशालाही शिवत नाही. त्यामुळे कुठल्याही सरकारला त्याच्यामागे पैसा घालण्याचं कारण नव्हतं. भाताला, गव्हाला, द्राक्षाला लागला असता तर वेगळं झालं असतं. 'फुलंच तर आहेत' असं म्हटलं गेलं. पण एखाद्या वाणाचं शेवटचं झाड जेव्हा कुणाच्या तरी मागच्या अंगणात जळतं, तेव्हा ते वाण संपतं. बियांतून ते परत आणता येत नाही. ज्याने ते चाळीस वर्षं फांदी लावून लावून टिकवलं, त्याच्याच हातून ते जाळलं जातं. याला नुकसान म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

युरोपने कडक नियम केले होते. अमेरिका आणि ब्राझीलमधून फ्युशिया आणण्यावर निर्बंध, हा कोळी कायद्याच्या यादीत. वीसएक वर्षं ते टिकलं. मग २००३ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागात तो सापडला. दक्षिण अमेरिकेतून कुणा हौशी माणसाने थेट फांद्या आणल्या असाव्यात, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. २००६ मध्ये चॅनेल बेटांवर, २००७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. सुरुवातीला आढळला की कळवणं बंधनकारक, झाडं नष्ट करणं आलं. पण तो तिथे रुजला, आणि ते बंधन पुढे उठवलं गेलं. बंदरावर पेटी उघडून बघता येते. खिशातली ओल्या कागदात गुंडाळलेली चार इंच फांदी कोण बघणार? तो माणूस तस्कर नव्हता. जेम्स लीच्या गोष्टीतला खलाशी जे करतो, तेच त्याने केलं. फरक इतकाच, की खलाशी बायकोसाठी कौतुकाने काही घेऊन आला म्हणून आपण दोनशे वर्षं त्याचं कौतुक करतो.

या कोळ्याचं एक नातं थेट आपल्या कोकणाशी आहे, म्हणून जरा थांबतो. नारळाच्या टोपीखाली राहणारा, कोवळ्या फळाला टोचून तपकिरी, भेगाळलेलं, खुजं करणारा इरिओफाईड कोळी कोकणातल्या आणि गोव्यातल्या बागायतदाराला माहीत आहे. १९९८ मध्ये केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात तो आढळला, मग किनाऱ्याने वर सरकला. त्याचं मूळ वर्णन १९६५ चं, मेक्सिकोतल्या गेरेरो प्रांतातल्या नमुन्यांवरून, आणि वर्णन करणारे तेच, एच. एच. कायफर. दोघे कोळी एकाच घराण्यातले. तसेच चार पाय, तशीच लपून राहण्याची खोड, आणि तसंच फवाऱ्याला न सापडणं. फरक एवढाच, की नारळावर पोट आहे, म्हणून विद्यापीठं धावली.

मग फ्युशियाचं पुढे काय झालं? इथे इतिहासाने थोडी थट्टा केली. कॅलिफोर्नियात कोणती झाडं तगतात हे पाहिलं, तेव्हा भरगच्च दुहेरी फुलांची बक्षीसपात्र झाडं सर्वांत आधी गेली होती. तगले ते मायक्रोफायला, थायमिफोलिया यांच्यासारख्या रानटी जातींचे, नखाएवढ्या फुलांचे, प्रदर्शनात कुणी ढुंकून न पाहिलेले प्रकार. बेबी चँग, मिनिएचर ज्वेल्स, असली नावं. बोलिव्हियाना ही लांब लाल झुपक्यांची जातही बऱ्यापैकी टिकते. पैदासकारांना परत रानाकडे जावं लागलं, आणि शंभर वर्षं मोठं फूल, अजून मोठं फूल करत आलेल्यांना आता आधी कोंब सरळ येतो का, हे बघावं लागतं. हे काम अजून चालू आहे. सावकाश चालतं, कारण ते बहुतेक निवृत्त माणसं आपल्या अंगणात करतात.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय: 'कोडाईकॅनॉलहून आणलेल्या कुंडीवर पांढरी माशी आहे, काय करावं?' कुंडी आधी बाकीच्यांपासून लांब, वेगळ्या खिडकीत ठेवा, तीन-चार आठवडे. पिवळे चिकट सापळे लावा. पानामागच्या पिल्लांवर साबणाचं सौम्य पाणी, पाच-सहा दिवसांनी पुन्हा, असं तीन-चार वेळा. ऊन उतरल्यावर करा, नाही तर पानं भाजतात. निंबोळी अर्कही चालेल. आणि शेजारच्या काकूंनी फांदी मागितली, तर या महिन्यात देऊ नका.